चार्जर उडाला म्हणता? आधी बोर्ड, केबल आणि लाईन तपासा

पाथरी : बोर्डाला चार्जर लावला, बटण दाबलं, पण मोबाईलवर बॅटरीचं चिन्ह येत नाही. अशा वेळी घरोघरी एकच निकाल लागतो, 'चार्जर उडाला'. मग पाथरीला नाहीतर मानवतला जाणाऱ्या कुणाला तरी नवा आणायला सांगितलं जातं. तो आठ-पंधरा दिवस चालतो आणि पुन्हा तेच. अनेकदा जुना चार्जर चांगलाच असतो, बिघाड केबलमध्ये किंवा बोर्डात असतो. आणि काही घरांत चार्जर खरोखर उडतात, पण त्याचं कारण चार्जरमध्ये नसतं, डीपीपासून घरात येणाऱ्या लाईनमध्ये असतं. तिथं कितीही नवे चार्जर आणले तरी ते उडतच राहणार.

मोबाईल बंद राहणं आता परवडणारं नाही. पीएम किसानची ई-केवायसी, लाडकी बहीणची ई-केवायसी, बँकेचा ओटीपी, सगळं त्याच फोनवर येतं. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीही शेतकऱ्यालाच मोबाईलवरून करावी लागते, आणि ती बांधावर उभं राहून, फोटो काढून. शेवटच्या तारखेला फोन बंद पडला तर पीकपेरा कोराच राहतो. म्हणून चार्जर नक्की कुठं अडला हे घरच्या घरी ओळखता आलेलं बरं. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. शेजाऱ्याचा एक चालू चार्जर, एक केबल आणि दहा मिनिटं पुरतात.

आधी बोर्ड बघा

सगळ्यात सोपी गोष्ट सगळ्यात शेवटी तपासली जाते. त्याच सॉकेटला टेबल फॅन किंवा बल्बचा होल्डर लावून बघा. चालला तर वीज येते आहे. नाही चालला तर चार्जरचा काही दोष नाही.

टेस्टर पेटला म्हणजे लाईन आहे, असं बरेच जण धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. टेस्टर फक्त फेज दाखवतो. फेज आली पण न्यूट्रल तुटलेला असला, तरी टेस्टर पेटतो आणि वस्तू मात्र चालत नाही. घरातला बल्ब किंवा पंखा चालू स्थितीत ठेवून सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर न्यूट्रल कुठंतरी सुटला आहे असं समजा. तिथं हात न घालता मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

दुसरा दोष ढिल्या सॉकेटचा. जुन्या बोर्डांतल्या पितळी पट्ट्या फाकतात. चार्जर लावला की लोंबकळतो, हलवला की चर्र आवाज येतो, आत ठिणगी दिसते. काही लोक मग चार्जरच्या पिनेखाली कागदाची घडी किंवा काडी खुपसतात. ढिल्या जोडात वीज थांबत-थांबत वाहते, तिथं उष्णता होते, सॉकेट काळं पडतं आणि चार्जरच्या पिना भाजतात. आयएसआय चिन्हाचं नवं सॉकेट बसवणं चार्जरपेक्षा स्वस्त पडतं. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर कूलर, टीव्ही आणि चार तीन चार्जर अशी गर्दी असेल, तर आधी चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा.

केबल आणि पिन

चार्जरचे दोन भाग असतात. भिंतीला लागतो तो ॲडाप्टर आणि त्यातून निघणारी केबल. यांत केबलच आधी जाते, कारण रोज वाकते, ओढली जाते, खाटेच्या पायाखाली येते. दोन्ही टोकांजवळ, जिथं तार प्लगमध्ये शिरते, तिथं आतल्या बारीक तारा तुटतात. वरून केबल नवी दिसते. चार्जिंग सुरू असताना टोकाजवळ केबल हळूच हलवून बघा. चार्जिंग येत-जात असेल, तर दोष केबलचा आहे. ॲडाप्टर तोच ठेवून फक्त दुसरी केबल लावली की शंका मिटते.

टाईप-सी केबल उलटी-सुलटी कशीही लागते. ती एका बाजूनेच चार्ज करत असेल, तर केबलच्या टोकातल्या किंवा फोनच्या भोकातल्या काही पिना घाण झाल्या आहेत किंवा वाकल्या आहेत. केबल बदलूनही तेच होत असेल, तर फोनचं भोक बघा.

आपल्या भागात या भोकाचा शत्रू म्हणजे कापूस. वेचणीच्या दिवसांत फोन खिशात, खिशात कापसाचे तंतू आणि शेतातली धूळ. केबल खोचली की प्रत्येक वेळी तो कचरा आत दाबला जातो, त्याची घट्ट गादी तयार होते आणि पिन शेवटपर्यंत जातच नाही. फोनमध्ये खोचलेली पिन पूर्वीपेक्षा जरा बाहेर राहते आहे किंवा लगेच निसटते आहे, ही त्याची खूण. फोन पूर्ण बंद करा आणि लाकडी टूथपिकने अलगद कोरून तो कचरा बाहेर काढा. सेफ्टी पिन, सुई, तार वापरू नये. आतल्या पिना अगदी जवळजवळ असतात, धातूचं टोक लागलं की त्या वाकतात किंवा एकमेकींना चिकटतात. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. फोन पावसात भिजला असेल किंवा ओलावा असल्याची सूचना दाखवत असेल, तर तो सुकेपर्यंत केबल लावूच नका. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय फार चालतो, पण त्याने भोकात तांदळाचा भुगा जातो. भोक खाली करून वाऱ्यावर ठेवलेला फोन बरा.

फोन तापला असेल तर

एप्रिल-मेमध्ये परभणी जिल्ह्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात किंवा आखाड्यावरच्या शेडमध्ये तो आणखी चढतो. मोबाईलची लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. त्याच्या वर गेलं की फोन स्वतःहून चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. दुपारी पत्र्याखाली फोन 'चार्जच घेत नाही' आणि रात्री अंगणात व्यवस्थित घेतो, तेव्हा चार्जर निर्दोष असतो. कव्हर काढा, सावलीत फरशीवर ठेवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं.

फोनची पाठ फुगली असेल, स्क्रीन कडेने उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जिंगला लावायचाच नाही. ही तपासणी तिथंच थांबवून तो दुरुस्तीला द्यावा.

आता ॲडाप्टरची पाळी

बोर्ड, केबल, भोक सगळं ठीक निघालं की मग ॲडाप्टरवर संशय घ्या. त्याला दुसरा फोन लावा. दोन्ही फोन चार्ज होत नसतील तर ॲडाप्टर गेला. दोन्ही होतात पण फार हळू होतात, तर ॲडाप्टर थकला आहे किंवा मुळात कमी ताकदीचा आहे.

ताकद ओळखायची तर ॲडाप्टरवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. त्यात 'आउटपुट' पुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॉट, ९ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १८ वॉट. फास्ट चार्जिंगमध्ये फोन आणि चार्जर आधी आपसांत बोलणी करतात, जमलं तर ९ किंवा त्याहून जास्त व्होल्ट सुरू होतात. एका कंपनीचा मोठ्या वॉटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला तर ही बोलणी अनेकदा फिसकटतात आणि फोन साध्या गतीनं चार्ज होतो. तो बिघाड नाही. जास्त वॉटच्या चार्जरने फोन जळतो ही भीतीही खरी नाही. चांगल्या चार्जरमधून फोन मागेल तेवढाच करंट घेतो.

ॲडाप्टर चालू आहे पण बिघडत चालला आहे, याच्या खुणा वेगळ्या. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप इकडंतिकडं दाबली जाते, टाईप करताना भलतीच अक्षरं उमटतात, केबल काढली की फोन शहाण्यासारखा वागतो. याचा अर्थ ॲडाप्टरमधून स्वच्छ वीज येत नाही. सतत बारीक गुणगुण, जळका वास, पिवळं-तपकिरी पडलेलं प्लास्टिक, हलवल्यावर आत खुळखुळ, हात ठेववणार नाही एवढी उष्णता, यांतलं काही दिसलं की तो ॲडाप्टर बाजूला काढावा. कोमट होणं साहजिक आहे.

धातूच्या कडेच्या फोनला चार्जिंगमध्ये हात लावला की बारीक मुंग्या आल्यासारखं होतं, ही तक्रार बरीच ऐकू येते. दोन पिनांच्या ॲडाप्टरला अर्थिंग नसतं आणि आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून अगदी किरकोळ करंट पलीकडे जातो, त्याची ती मुंगी. पण झटका बसून हात मागे येत असेल, तर ते मुंग्या येणं नव्हे. आतलं इन्सुलेशन गेलं आहे. तो चार्जर पुन्हा कुणीही वापरू नये.

ॲडाप्टर उघडून बघायचा मोह टाळा. बोर्डातली २३० व्होल्टची एसी वीज आत गेल्यावर आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत बदलते आणि एका कपॅसिटरमध्ये साठते. चार्जर भिंतीतून काढल्यावरही ती काही वेळ तिथं राहू शकते. मग एक छोटी आयसी तिला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते, इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवते आणि शेवटी ५ व्होल्ट बाहेर पडतात. या ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजू एकमेकींपासून किती नीट वेगळ्या ठेवल्या आहेत, यावर वापरणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. स्वस्तातल्या चार्जरमध्ये नेमकी तिथंच काटकसर होते.

राऊटर, सेट-टॉप बॉक्स आणि फवारणी पंप

ॲडाप्टर फक्त मोबाईलला नसतो. वायफाय राऊटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, झटका मशीन, बॅटरीवरचा फवारणी पंप, सगळ्यांना तो लागतो. यांची गोल पिन एकाच मापाची दिसते आणि एकमेकांना लागतेही. गडबड तिथूनच होते.

पिन बसली म्हणजे ॲडाप्टर चालेल असं नाही. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. १२ व्होल्टचा ॲडाप्टर ९ व्होल्टच्या राऊटरला लावला तर राऊटर जळू शकतो. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. १ अँपिअर मागणाऱ्या यंत्राला अर्ध्या अँपिअरचा ॲडाप्टर लावला की तो तापून मरतो. तिसरी गोष्ट पिनेची ध्रुवता, म्हणजे मधला भाग अधिक की उणे. लेबलवर गोल, मध्ये ठिपका आणि अधिक-उणे चिन्हांचं छोटं चित्र असतं. यंत्रावरचं आणि ॲडाप्टरवरचं चित्र जुळलं पाहिजे.

राऊटरचा दिवा लागतो पण दर थोड्या वेळानं तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, अशा वेळी लोक नेटवाल्याला शिव्या घालतात. पुष्कळदा दोष ॲडाप्टरचा असतो. आतला कपॅसिटर सुकला की नुसतं मल्टिमीटर लावून बघितलं तर १२ व्होल्ट बरोबर दिसतात, पण राऊटरने जोर घेतला की ते खाली बसतात. म्हणून मीटरवर विसंबू नये, शेजारचा तशाच लेबलचा ॲडाप्टर लावून अर्धा तास चालवून बघावं.

फवारणी पंपाचं गणित वेगळं आहे. त्यात १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती पूर्ण भरायला चार्जरमधून १४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. पंपाचा चार्जर हरवला म्हणून सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा ॲडाप्टर लावला, तर रात्रभर ठेवूनही बॅटरी अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी दोन-तीन टाक्यांत पंप दम सोडतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. असं वारंवार अर्धवट चार्ज केल्यानं बॅटरी खरोखर खराब होते, मग तो दोष खराही ठरतो. पंपाच्या चार्जरवर लाल दिवा म्हणजे चार्जिंग सुरू, हिरवा म्हणजे पूर्ण, अशी बहुतेक ठिकाणी खूण असते. बॅटरी उतरलेली असताना लावताक्षणी हिरवा लागला तर आनंद मानू नका. करंट बॅटरीपर्यंत जातच नाही. पंपाचा फ्यूज, चार्जिंगचा जॅक किंवा बॅटरीची सुटलेली क्लिप बघा. औषधाचं पाणी ठिबकून हा जॅक हिरवा पडतो, तो दर हंगामात एकदा पुसायला हवा. आणि सगळं ठीक असूनही हिरवाच राहिला, तर बॅटरी संपली.

सोलर पंपाच्या पॅनलवरून चार्जर चालवायचा उद्योग मात्र कुणी करू नये. तिथं शेकडो व्होल्टची डीसी असते. तिची ठिणगी लवकर विझत नाही.

एकामागून एक चार्जर उडत असतील तर

सहा महिन्यांत दोन-तीन चार्जर, त्याबरोबर एलईडी बल्ब आणि सेट-टॉप बॉक्सचा ॲडाप्टरही गेला, असं ज्या घरात झालं आहे, तिथं लाईन तपासायला हवी.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार घरगुती जोडणीचा दाब २३० व्होल्टच्या ६ टक्के वर किंवा खाली असायला हवा, म्हणजे साधारण २१६ ते २४४. हंगामात मोटारी सुरू झाल्या की दाब पडतो, बल्ब मिणमिणतात, हे नेहमीचं. पण कमी दाबाने मोबाईलचा चार्जर सहसा मरत नाही. त्याच्या लेबलवर 'इनपुट १००-२४०' लिहिलेलं असतं, १५० व्होल्टवरही तो काम करतो. चार्जरला मारतो तो जास्त दाब. आतला कपॅसिटर बहुतेक वेळा ४०० व्होल्टचा असतो. एसी दाब २८० च्या पुढे गेला की आतला डीसी दाब ४०० ओलांडतो, आणि कपॅसिटर फट्ट आवाज करून फुटतो. काही चार्जरवर आपल्याकडची लाईन ओळखून '१५०-३००' असंही लिहिलेलं असतं, ते अशा ठिकाणी जास्त टिकतात.

एवढा दाब घरात येतो कुठून? त्याचं नेहमीचं कारण म्हणजे न्यूट्रल तुटणं. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा गावात येतात. प्रत्येक घराला त्यातली एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, दोन्हींमध्ये २३० व्होल्ट. दोन फेजमध्ये मात्र ४०० व्होल्ट असतात. डीपीजवळ किंवा मधल्या खांबावर न्यूट्रल तुटला, गंजला, ढिला झाला, की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून त्या ४०० व्होल्टमध्ये सापडतात. ते ४०० दोघांत समान वाटले जात नाहीत. ज्या घरात वापर जास्त, तिथं दाब कमी. ज्या घरात वापर कमी, तिथं दाब जास्त. म्हणून एकीकडे पंखे, फ्रिज, कूलर चालू असलेल्या घरात बल्ब मंद होतात, आणि पलीकडे फक्त एक बल्ब आणि एक मोबाईल चार्जिंगला लावून झोपलेल्या घरात ३०० च्या पुढे दाब जातो. ज्याच्याकडे कमी वस्तू, त्याच्याच वस्तू जळतात.

खुणा अशा दिसतात. बल्ब अचानक डोळ्यांवर येईल इतका पांढरा होतो. पंखा भर्रकन वेग घेतो. आपल्याकडे उजेड वाढतो तेव्हाच शेजारी मंद होतो. शेजाऱ्यानं मोटार किंवा मिक्सर लावला की आपल्या बल्बचा उजेड बदलतो. अशा वेळी चार्जर वाचवायला धावू नका, सरळ मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांनाही करायला सांगा. डीपीवर किंवा खांबावर चढून न्यूट्रल बांधण्याचा प्रकार गावात सर्रास होतो. त्यात माणसं जातात. तुटलेल्या न्यूट्रलच्या तारेतही घराघरांतून उलटी आलेली वीज असते, न्यूट्रल आहे म्हणून ती निर्धोक नसते.

एमसीबी बसवलेली आहे म्हणून वस्तू वाचतील, हा समज चुकीचा आहे. एमसीबी जास्त करंटला पडते, जास्त व्होल्टेजला नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर नावाचं वेगळं उपकरण मिळतं. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ते घराची लाईन तोडतं आणि दाब सुधारल्यावर जोडतं. वायरमन ते एमसीबीच्या शेजारीच बसवतो. वारंवार वस्तू जळणाऱ्या वस्तीवर हा खर्च पुढच्या दोन-तीन चार्जरांत आणि एका टीव्हीत वसूल होतो. झटक्यापासून माणसाला वाचवते ती आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. ती आणखी वेगळी, आणि बसवायला हवीच.

विजांचा विषय वेगळा. मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात वीज दूर कुठं पडली तरी तारांवरून लाट येते आणि ॲडाप्टर जातात. बटण बंद करणं पुरत नाही, चार्जर सॉकेटमधून उपसून ठेवावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं.

तक्रार कुठं आणि कशी

लाईनची तक्रार महावितरणच्या १९१२, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर चोवीस तास करता येते. महावितरणच्या मोबाईल ॲपवरूनही होते. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. स्वतःचा फोनच बंद असेल तर शेजाऱ्याच्या फोनवरून, पण तक्रार क्रमांक लिहून घ्यायचाच. लाईनमनला तोंडी सांगितलेलं कुठंही नोंदलं जात नाही, आणि नंतर हाच मुद्दा अडतो.

वस्तू जळाल्या असतील तर त्या लगेच फेकू नका किंवा दुरुस्तीला देऊ नका. तारीख, वेळ, जळालेल्या वस्तूंची यादी, त्यांचे फोटो, असतील तर बिलं, आणि त्याच डीपीवरच्या इतर घरांच्या सह्या घेऊन शाखा किंवा उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एका घराची तक्रार 'तुमच्या घरातली वायरिंग खराब' म्हणून परत येते, दहा घरांची येत नाही. भरपाई आपोआप मिळत नाही, त्यासाठी पाठपुरावा लागतो. कार्यालयात दाद लागली नाही तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल.

नवा घेताना

ॲडाप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १३२५२ असा मानकाचा क्रमांक आणि त्याखाली इंग्रजी 'आर' अक्षर, आडवी रेघ व ८ आकडे असतात. हा आकडा 'बीआयएस केअर' या मोफत ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव आणि वस्तू दिसते. ॲपमध्ये भलत्याच कंपनीचं किंवा भलत्याच वस्तूचं नाव आलं, तर तो आकडा कुठून तरी उचलून छापलेला आहे. 'सीई' हे युरोपचं चिन्ह, त्यावरून इथं काही ठरत नाही. आठवडी बाजारात ढिगातून मिळणाऱ्या चार्जरवर कंपनीचं नाव मोठं असतं, हा आकडा मात्र नसतो.

बिल घ्या. अनेक कंपन्या फोनला वर्षाची आणि चार्जरला ६ महिन्यांची वॉरंटी देतात, बिल नसेल तर ती कागदावरच राहते. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर मराठीत बोलता येतं. जुन्या फोनबरोबर आलेला चार्जर घरात पडून असेल, तर आधी तोच लावून बघा. सोबत आता चार्जर न देणाऱ्या कंपन्या वाढल्या आहेत, त्यामुळं टाईप-सीचा एक चांगला चार्जर घरातल्या सगळ्या नव्या फोनला पुरतो.

लहान लेकरू असलेल्या घरात

ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटकातल्या कारवार तालुक्यात आठ महिन्यांच्या बाळाने बोर्डाला चालू राहिलेल्या चार्जरची पिन तोंडात घेतली आणि ते दगावलं. फोन काढला होता, बटण बंद करायचं राहिलं होतं. धड चार्जरच्या पिनेवर ५ व्होल्ट असतात, त्यांनी जीव जात नाही. पण आतलं इन्सुलेशन फुटलेल्या चार्जरच्या पिनेवर बोर्डाची वीज येऊ शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. चार्जर खाटेच्या उंचीच्या बोर्डाला लोंबकळत ठेवू नये.

नुसता लावून ठेवलेला चार्जर फार वीज खातो, हे काही खरं नाही. चांगला चार्जर वर्षभर तसाच राहिला तरी दीड-दोन युनिटच्या आसपास जातात. तो काढून ठेवायचा तो लेकरासाठी आणि विजांसाठी. उशीखाली, गादीवर, कडब्याच्या गंजीजवळ फोन चार्जिंगला लावू नका, उष्णता बाहेर पडायला जागा लागते.

गेलेले ॲडाप्टर आणि केबल चुलीत घालून तांबं काढू नये, त्या धुरात विषारी वायू असतात. फोनच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा घेणारं केंद्र ते परत घेतं. तोवर ते वेगळ्या डब्यात ठेवा आणि झटका देणाऱ्या चार्जरच्या पिना पक्कडीने वाकवून टाका, म्हणजे घरातलं दुसरं कुणी तो पुन्हा बोर्डाला लावणार नाही.